कस्तुरीचा वास आणि शिंपल्यांतला जीव

धुतलेला कपडा घडी घालून कपाटांत ठेवावा आणि आठ दिवसांनीं ती घडी मोडतांना त्यांतून मंद सुवास दरवळावा, ह्यांत आतां कोणालाच नवल वाटत नाहीं. परंतु नवल वाटावें अशीच ती गोष्ट आहे. मोगऱ्याचा गजरा सुकला कीं त्याचा वास संपतो. लिंबाच्या सालीचा वास तर घटकाभरहि धीर धरीत नाहीं. मग साबणाच्या पाण्यांत बुचकळलेल्या, दोनतीनदां खळबळून पिळलेल्या आणि दिवसभर उन्हावाऱ्यांत टांगलेल्या कपड्यावर हा सुवास कसा टिकून राहतो? त्याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर तो शब्द कस्तुरी हा होय. मात्र ही कस्तुरी हिमालयांतली नव्हे, कारखान्यांतली आहे. कपड्याला चिकटून राहण्याचा हा जो तिचा गुण, त्याच गुणामुळें ती नदींतल्या माशांच्या आणि खाडींतल्या शिंपल्यांच्या अंगांत जाऊन बसली आहे. ही हकीकत रसायनज्ञांच्या हातीं १९८१ पासून तुकड्यातुकड्यांनीं आली. आणि ती अजून पुरती संपलेली नाहीं.

अस्सल कस्तुरी कस्तुरीमृगाच्या नराच्या पोटाखालच्या एका लहानशा ग्रंथींत सांठते. तिला नाभि म्हणण्याची रूढि आहे, पण ती ग्रंथि बेंबीच्या किंचित् मागें असते. एका नरापासून कस्तुरी मिळते ती सुमारें २५ ग्रॅम. म्हणजे किलोभर कस्तुरीला चाळीसएक नर मारावे लागत. शिवाय, नर कोणता आणि मादी कोणती हें फांस पाहत नाहीं. अत्तरें करणाऱ्यांना कस्तुरीची एवढी चाड असे ती केवळ तिच्या वासासाठीं नव्हे. फुलांचे वास चंचल असतात. त्यांत कस्तुरीचा अंश घातला म्हणजे ते उडून जाण्याचे थांबतात, त्यांना जणूं बूड येतें. जें द्रव्य सोन्याच्या तोलानें विकलें जाई, त्याची खरी किंमत ही अशी त्याच्या स्थैर्याची होती.

त्याला पर्याय सांपडला तो अकल्पितपणें. १८८८ सालीं अल्बर्ट बाउर हा जर्मन रसायनज्ञ सुरुंगाच्या दारूच्या जातीचीं नवीं स्फोटकें तयार करण्याच्या खटपटींत होता. टोल्युईनपासून बनविलेल्या एका पदार्थावर नायट्रिक आम्लाची क्रिया करतां त्याला जें मिळालें, तें स्फोटक म्हणून विशेष कामाचें ठरलें नाहीं. पण त्याला कस्तुरीसारखा दरवळ येत होता. बाउरनें पुढें त्याच घराण्यांतलीं आणखी द्रव्यें काढलीं. मस्क झायलीन आणि मस्क कीटोन हीं त्यांतलीं प्रमुख होत. मस्क झायलीनच्या रेणूंत षट्कोनी वलयाला तीन नायट्रो गट जोडलेले असतात, आणि टी. एन. टी. ह्या प्रसिद्ध स्फोटकांतहि तेवढेच असतात. एवढें ह्या दोहोंचें भाऊबंदकीचें नातें आहे. मूळ कस्तुरीशीं मात्र ह्यांच्या घडणीचें कांहींच नातें नाहीं. नाकाला दोन्ही एकच वाटतात, इतकेंच.

हीं द्रव्यें स्वस्त पडलीं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर धुण्याच्या भुकट्या घरोघर गेल्या, तेव्हां कस्तुरीहि त्यांच्याबरोबर गेली. राजेरजवाड्यांच्या कुपींतलें द्रव्य अशा रीतीनें मोलकरणीच्या बादलींत आलें, आणि त्यांत खेद करण्यासारखें कांहीं नव्हतें. उलट, कस्तुरीमृगावरचा अत्तराच्या कारखानदारांचा भार त्यामुळें हलका झाला, हें श्रेय ह्या रसायनांना दिलेंच पाहिजे. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्या मृगाच्या शिकारीला बंदी झाली. पण अत्तरांच्या बाजारानें त्याच्या कस्तुरीवांचून चालविण्याची सोय त्याच्या पुष्कळ आधींच करून ठेविली होती.

आतां हें द्रव्य कपड्याला कां चिकटतें तें पाहूं. त्याचे रेणू जड असतात, म्हणून ते सावकाश उडतात. शिवाय त्यांना पाणी आवडत नाहीं. तेलाचा थेंब पाण्यांत टाकला तर तो जसा अंग चोरून बाजूला होतो, तसे हे रेणू पाण्यांतून निघून धाग्याचा, मेणाचा, चरबीचा, मिळेल त्याचा आश्रय घेतात. म्हणून धुण्याच्या पाण्यांतून ते कपड्यावर बसतात. परंतु सगळेच कांहीं बसत नाहींत. पुष्कळसे खळबळलेल्या पाण्याबरोबर मोरींतून गटारांत जातात. अंगाला लावलेला साबण, केसांना लावलेलें द्रव्य, फरशी पुसण्याचें पाणी, सर्वांची वाट तीच. मोठ्या शहरांत हें पाणी मैलापाणी शुद्ध करण्याच्या केंद्रांत जातें. तेथें सूक्ष्म जंतूंकरवीं घाण खाववून पाणी निवळतात. कस्तुरीचा बराच भाग तेथल्या गाळाला चिकटून खालीं बसतो, कांहीं भागाचें जंतु विघटन करतात, आणि उरलेला निवळ दिसणाऱ्या पाण्याबरोबर नदींत उतरतो. पाणी निवळ दिसतें, त्याला दुर्गंधि येत नाहीं, म्हणून त्यांत कांहीं उरलें असेल अशी शंकाहि येत नाहीं.

ती शंका प्रथम खरी ठरली जपानांत. टोकिओ शहराच्या कडेनें तामा नांवाची नदी वाहते. १९६० नंतरच्या दशकांत शहर तिच्या कांठाकांठानें इतकें वाढलें कीं, बंधाऱ्यांवरून पडतांना तिच्या पाण्याला साबणाच्या फेसाचे ढीग येत आणि वारा सुटला म्हणजे ते उडत. १९७० सालीं तामाचें पाणी शहराला पिण्यासाठीं देणारें एक केंद्र बंद करावें लागलें. पुढें मैलापाण्याची व्यवस्था सुधारली, फेस गेला, आणि आयु नांवाचा जपान्यांचा लाडका मासा पुन्हां नदींत चढूं लागला. लोकांच्या डोळ्यांना नदी बरी झाली. परंतु यामागिशी व त्यांचे सहकारी ह्यांनीं तामांतले मासे प्रयोगशाळेंत नेऊन तपासले, तेव्हां त्यांच्या मांसांत मस्क झायलीन व मस्क कीटोन हीं दोन्ही सांपडलीं. हा निष्कर्ष १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनीं त्यांनीं तामा नदी आणि ती जेथें मिळते तो टोकिओचा उपसागर ह्यांतलें पाणी, मासे आणि शिंपले ह्यांच्या तपासणीचा वृत्तांत दिला. फेसासारखें हें संकट डोळ्यांना दिसणारें नव्हतें. आणि विशेष हें कीं, तें नाकालाहि कळणारें नव्हतें, कारण त्याचें प्रमाण एवढें थोडें होतें.

इतक्या थोड्या प्रमाणांतली वस्तु शोधणें किती नाजूक काम आहे ह्याची कल्पना एका गोष्टीवरून येईल. तपासणाऱ्याच्या हाताला सुवासिक साबणाचा वास असला, त्याच्या अंगरख्याला धुण्याच्या भुकटीचा असला, तर तीच कस्तुरी नमुन्यांत उतरते, आणि माशांत नसलेलें द्रव्य असल्याचें यंत्र सांगतें. म्हणून अशा प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांना सुगंध वर्ज्य करावे लागतात, आणि प्रत्येक वेळीं माशावांचूनच एक कोरी तपासणी करून आपल्याच अंगचा वास मोजून वजा करावा लागतो.

जपानी संशोधकांच्या ह्या लेखांकडे प्रथम फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९९० नंतर जर्मनींत तपास सुरू झाला, तेव्हां तीच गोष्ट रुर नदीच्या खोऱ्यांतल्या माशांत आढळली. इतकेंच नव्हे, तर माणसाच्या चरबींत आणि आईच्या दुधांतहि तीं द्रव्यें सांपडलीं. दुधाचें नांव निघालें तशी लोकांच्या मनांत धास्ती बसली. जर्मन साबण-कारखानदारांनीं मस्क झायलीन आपण होऊन सोडून देण्यास आरंभ केला. परंतु सुवास कोणी सोडला नाहीं. तोंवर कारखान्यांत दुसऱ्या पिढीची कस्तुरी तयारच होती. तिच्यांत नायट्रो गट नव्हते. तिच्या रेणूंत दोन-तीन वलयें एकमेकांना जोडलेलीं असतात. गॅलॅक्सोलाइड आणि टोनालिड हीं तिचीं दोन व्यापारी नांवें विशेष प्रसिद्ध आहेत. १९९० नंतरच्या दशकांत एकट्या गॅलॅक्सोलाइडचा युरोपांतला वापर वर्षाला हजार टनांहून अधिक होता. आणि १९९५ सालीं रुरच्या पाण्यांत व माशांत पुन्हां शोध घेतला, तेव्हां ह्या नव्या कस्तुऱ्याहि तेथें हजर होत्या.

ह्यांत आश्चर्य करण्यासारखें कांहीं नाहीं. मासा कल्ल्यांतून पाणी सतत खेळवीत असतो. पाण्याला कंटाळलेला रेणू कल्ल्याच्या पातळ त्वचेपाशीं आला कीं रक्तांत शिरतो आणि रक्तांतून चरबींत विसांवतो. प्रयोगशाळेंत एका जातीच्या माशांना गॅलॅक्सोलाइड मिसळलेल्या पाण्यांत ठेवून मोजलें, तेव्हां पाण्यांत जें प्रमाण होतें त्याच्या सुमारें दीड हजार पट माशांच्या अंगीं भरलें. कपड्याला जो चिकटेल तो माशालाहि चिकटणारच; एक गुण हवा आणि दुसरा नको, असें म्हणण्याची सोय येथें नाहीं.

मात्र येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यांत अपेक्षेच्या उलट घडलें आहे. विजेच्या यंत्रांतून पूर्वीं वापरीत असलेलीं पी. सी. बी. नांवाचीं द्रव्यें शेवाळांतून कोळंबींत, कोळंबींतून लहान माशांत, त्यांतून मोठ्यांत, आणि शेवटीं मासे खाणाऱ्या पक्ष्यांत व शिशुकांत अशीं पायरीपायरीनें वाढत जातात. कस्तुरीचेंहि तसेंच असेल असा तर्क सहज होतो. क्यूशू बेटाच्या पश्चिमेस आरिआके नांवाचा समुद्राचा एक उथळ भाग आहे. ओहोटीला तेथें कोसच्या कोस चिखल उघडा पडतो. तेथले किडे, शिंपले, खेकडे, मासे, पक्षी आणि सस्तन जलचर ह्या सर्वांची तपासणी नाकाता व त्यांचे सहकारी ह्यांनीं करून तिचा वृत्तांत २००७ सालीं प्रसिद्ध केला. सर्वांत अधिक गॅलॅक्सोलाइड निघालें तें कोणा बलिष्ठ शिकाऱ्याच्या अंगीं नव्हे. तें चिखलांत मुकाट पडून राहणाऱ्या शिंपल्यांत निघालें. त्यांच्या चरबीच्या दर ग्रॅममागें २५८ पासून २७३० नॅनोग्रॅमपर्यंत तें होतें. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जांश. कुरव पक्षी व रानबदक ह्यांच्यांत तें थोडेंच होतें, मासे व खेकडे ह्यांच्याइतकेंच.

ह्याचें कारण बहुधा असें कीं, वरच्या पायरीवरच्या प्राण्यांचें शरीर हें द्रव्य मोडूं शकतें आणि बाहेर टाकूं शकतें. शिंपल्याला ती विद्या फारशी अवगत नाहीं. शिवाय तो खातोहि पाणी गाळूनच. त्याला दुसऱ्या जागीं जातां येत नाहीं. पाणी जसें येईल तसें त्याला घ्यावें लागतें. तेव्हां हें द्रव्य साखळीच्या टोकाला न जाता तिच्या बुडाशींच सांठून राहतें, आणि मैलापाण्याचें तोंड जितकें जवळ तितकें अधिक.

म्हणून वरचे प्राणी अगदीं सुटले असेंहि नाहीं. जपानच्या किनाऱ्यावरील सस्तन जलचरांचे १९७७ पासून २००५ पर्यंत जपून ठेवलेले नमुने ह्याच संशोधकांनीं तपासले. त्यांतलें गॅलॅक्सोलाइडचें प्रमाण १९९० नंतर स्पष्टपणें वाढत गेलेलें दिसलें. जितकें बाहेर टाकलें जातें त्याहून अधिक येत राहिलें, तर शरीराला विद्या असूनहि तिचा उपयोग अपुरा पडतो.

२०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत जपान, कोरिया, चीन, फिलिपाइन्स, इंडोनेशिया, भारत, अमेरिका अशा निरनिराळ्या देशांच्या किनाऱ्यांवरचे शिनाणे व त्यांच्या जातीचे शिंपले गोळा करण्यांत आले. मालवण-गोव्याकडे ज्यांना शिनाणे म्हणतात ते हे हिरव्या कवचाचे, खडकाला दोरांनीं बांधल्यासारखे चिकटलेले जीव. सुगंधी द्रव्यांत गॅलॅक्सोलाइडचाच संचार सर्वाधिक दिसला. प्रमाण सर्वांत अधिक होतें तें जपान व कोरिया येथल्या नमुन्यांत. ज्या किनाऱ्यामागें मोठीं शहरें आणि भरपूर धुणीं, तेथल्या शिंपल्यांत भरपूर कस्तुरी, असा हा साधा हिशेब आहे.

आतां प्रश्न येतो तो असा कीं, सांठलें तर बिघडलें काय? केवळ आहे म्हणून अपाय आहे असें म्हणणें शास्त्राला धरून होणार नाहीं. माशांच्या शरीरांत सांपडलेल्या मात्रा सामान्यतः मासा मारण्याइतक्या नाहींत. शिंपल्यांची गोष्ट मात्र जरा निराळी आहे, आणि ती कॅलिफोर्नियांतल्या मॉन्टेरे उपसागराच्या कांठीं, पॅसिफिक ग्रोव्ह येथल्या हॉपकिन्स सागरी संशोधन केंद्रांत उलगडली.

शिंपला गढूळ पाण्यांत जगतो, म्हणजे नाना तऱ्हेच्या विषांत जगतो. तो मरत नाहीं, कारण त्याच्या कल्ल्यांच्या पेशींना पहारा आहे. पेशीच्या आवरणांत कांहीं प्रथिनें बसविलेलीं असतात. परका रेणू आंत शिरूं लागला कीं तीं त्याला धरतात आणि पुन्हां बाहेर लोटतात. तो कोण, कोठला, विषारी कीं निर्विष, ह्याची तीं फारशी चौकशी करीत नाहींत. परका म्हटला कीं बाहेर. वाड्याच्या देवडीवर जुना विश्वासू पहारेकरी असावा तसा हा बंदोबस्त आहे. माणसाच्या शरीरांतहि ह्याच कुळांतलीं प्रथिनें आंतडीं, यकृत आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या येथें पहारा करतात.

टिल लुकेनबाख व डेव्हिड एपेल ह्या दोन संशोधकांनीं शिंपल्यांच्या कल्ल्यांचे तुकडे घेतले आणि ते चकाकणाऱ्या लाल रंगाच्या पाण्यांत ठेवले. पहारा शाबूत असला म्हणजे पेशी हा रंग बाहेर लोटतात आणि कल्ले फिके राहतात. मग त्यांनीं त्या पाण्यांत सहा प्रकारच्या कृत्रिम कस्तुऱ्या एकेक करून घातल्या. कल्ल्यांत रंग भरूं लागला. म्हणजे कस्तुरीनें पेशीला मारलें नव्हतें. तिनें पहारेकऱ्याला खिळवून ठेवलें होतें, आणि उघड्या देवडींतून दुसरेंच कोणी आंत येत होतें. त्यानंतर त्यांनीं ते तुकडे स्वच्छ पाण्यांत नेले. एक दिवस, दोन दिवस लोटले तरी पहारा पूर्ववत् झाला नाहीं. हा प्रयोग २००५ सालीं प्रसिद्ध झाला.

प्रयोगांतल्या पाण्यांत कस्तुरीचें प्रमाण खुल्या समुद्रांतल्यापेक्षां पुष्कळ अधिक होतें, हें येथें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. तेवढ्यावरून खाडींतला प्रत्येक शिंपला निःशस्त्र झाला असा निकाल देतां येत नाहीं. परंतु औषधें आणि रसायनें तपासण्याची जी रूढ पद्धति आहे, तिच्यांत एकेक द्रव्य निराळें घेऊन तें स्वतः किती विषारी आहे एवढेंच पाहतात. जें स्वतः निरुपद्रवी असून दुसऱ्याच्या विषाला वाट करून देतें, तें ह्या चाळणींतून सहज खालीं उतरतें. आणि मैलापाण्याच्या तोंडाशीं एकच द्रव्य कधींच नसतें. हा आक्षेप साऱ्या तपासणीच्या पद्धतीवरचा आहे, आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळालेलें दिसत नाहीं.

मासळी खाणाऱ्या कुटुंबांच्या मनांत येथें निराळीच शंका येईल. तिला उत्तर असें कीं, माणसाच्या अंगांत ही कस्तुरी जी शिरते ती मुख्यतः त्वचेवाटें, अंगाला फांसलेल्या सुवासिक द्रव्यांतून. पानांत वाढलेल्या तिसऱ्यांचा वांटा त्या मानानें थोडा. मासळी टाकून देऊन अंगाला अत्तर चोळीत बसणारा गृहस्थ हिशेबांत चुकतो आहे. काळजी करावयाची ती तिसऱ्यांची. माणसाला ती देतां येते, त्यांना माणसाकडून काय मिळतें तें वर आलेंच आहे.

कायद्यानें ह्या बाबतींत जें केलें तें मुख्यतः जुन्या पिढीपुरतें आहे. मस्क अँब्रेट नांवाची एक नायट्रो कस्तुरी मज्जातंतूंना अपायकारक आणि उन्हांत त्वचेवर पुरळ आणणारी ठरली, म्हणून युरोपांत १९९५ सालीं ती सौंदर्यप्रसाधनांतून वगळली गेली. मस्क झायलीनला युरोपीय संघानें २००८ सालीं अत्यंत टिकाऊ आणि प्राण्यांच्या शरीरांत अत्यंत सांठणारें द्रव्य ठरविलें. भोंवतालच्या पाण्याच्या पांच हजार पटींहून अधिक सांठण्याची कसोटी त्यासाठीं आहे. २०१४ च्या ऑगस्टपासून विशेष परवान्याशिवाय तेथें त्याचा वापर करतां येत नाहीं. वापर सुटला कीं काय होतें ह्याचा दाखला आरिआकेच्या त्याच पाहणींत आहे: ज्या जपानांत १९८१ सालीं माशांत नायट्रो कस्तुऱ्या सांपडल्या, तेथल्या ह्या चिखलांतल्या एकाहि प्राण्यांत त्या आढळल्या नाहींत. तोंवर लोकांनीं दुसऱ्या कस्तुऱ्या धरल्या होत्या, आणि सांपडल्या त्या दुसऱ्याच.

तिसरी पिढीहि आहे. मृगाच्या अस्सल कस्तुरींतला मुख्य घटक वालबाउम ह्यांनीं १९०६ सालीं वेगळा केला होता. लेओपोल्ड रुझिच्का ह्यांनीं १९२६ सालीं दाखवून दिलें कीं, त्याचा रेणू म्हणजे कार्बनच्या पंधरा अणूंचें एकच मोठें वलय आहे. एवढें मोठें वलय टिकणेंच शक्य नाहीं असा त्या वेळचा समज होता. रुझिच्का ह्यांना १९३९ चें नोबेल पारितोषिक जें वांटून मिळालें, त्यांत ह्या कामाचा अंश होता. अशा मोठ्या वलयांच्या कस्तुऱ्या आतां कारखान्यांत होतात. जंतु त्यांचें विघटन अधिक सहजपणें करतात. मृगाला त्यांत कांहीं द्यावें लागत नाहीं, आणि शिंपल्यालाहि कमीच. अडचण आहे ती किंमतीची. उंची अत्तराच्या कुपींत त्या शिरल्या आहेत, कारण तेथें गिऱ्हाईक किंमत विचारीत नाहीं. पण नदीला मिळणारी कस्तुरी मुख्यतः धुण्याच्या भुकटींतून येते, आणि ती भुकटी घेणारें गिऱ्हाईक किंमत पाहून पुडा उचलतें. त्या पुड्यावर घटक छापलेले असले तरी आंत कोणत्या पिढीची कस्तुरी आहे तें सहसा लिहिलेलें नसतें. तेथें ‘सुगंध’ एवढाच शब्द असतो.